व्याख्येबाहेरचं हत्यार

प्रज्वल कांबळे खाली पडला तेव्हा मैदानावरचे लोक हसले.

कोवळगावच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. दिवाळी सरली की हिरण्यकेशीच्या काठावरच्या त्या मैदानात गोव्यापासून बेळगावपर्यंतचे संघ उतरत आणि आसपासच्या गावांतून माणसं ट्रॅक्टर भरभरून येत. प्रज्वल कोवळगावचा गोलकीपर. पाहुण्यांना कॉर्नर मिळाला होता, चेंडूला अजून कुणी पायही लावला नव्हता, आणि हा गडी एकाएकी गुडघ्यांवर बसला आणि पालथा झाला. वेळ काढायला नाटक करतोय म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या. पंच घड्याळावर बोट आपटत त्याच्याकडे गेला, त्याच्यावर वाकला आणि वाकल्या जागीच त्याच्या अंगावर कोसळला. पाठोपाठ एका बचावपटूचा जबडा फाटून लोंबायला लागला, तेव्हा लोकांचं हसू थांबलं.

आवाज कसलाच आला नव्हता. आला असता तर लोक त्याच्या उलट दिशेला पळाले असते. कुठून काय येतंय तेच कळेना, म्हणून जो तो मिळेल त्या दिशेने धावला, एकमेकांवर आपटला, पडला. फाटकापाशी चिरमुऱ्यांची गाडी उलटली आणि गाडीवाली म्हातारी तिच्याखाली सापडली. तिच्यावरून माणसं गेली.

सहायक पोलीस निरीक्षक वैजयंता देवार्डे त्या दिवशी बंदोबस्तावर होती. ती गोलपोस्टपर्यंत पोचली तेव्हा प्रज्वलचे हातमोजे रक्ताने जड झाले होते. मानेतलं भोक शर्टाच्या बटणापेक्षा लहान होतं. तिने पिस्तूल काढलं खरं, पण ते कुणावर रोखायचं? बाराही वाटा मोकळ्या होत्या आणि सगळीकडे माणसंच माणसं होती.

"मॅडम, बंधाऱ्यावर बघा," इरफान ओरडला. इरफान मुजावर हा तिच्या गाडीचा चालक, शाळेपासून बॅकला खेळलेला. "सगळं जग पळतंय आणि ती जीप जागची हालंना."

बंधाऱ्यावरच्या जीपमध्ये रणधीर सरंजामे बसला होता. पंचक्रोशीत त्याच्याइतकी जमीन कुणाची नव्हती. त्याच्या धाकट्या बहिणीने, मृणालने, गेल्या वर्षी घर सोडून प्रज्वलशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं, आणि कांबळ्यांची सून झालेली बहीण आपल्याला मेली असं तो चारचौघांत सांगत असे. जीपच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली चार यंत्रं होती. इरफानने त्याची गचांडी धरून खाली ओढलं, तरी त्याने हात उचलला नाही.

"डुकरं हाकायची अवजारं आहेत, मॅडम," तो कपडे झटकत म्हणाला. "शेतकरी माणूस. जिथं जाईन तिथं सोबत असतात."

मैदानावर प्रज्वल, पंच आणि ती म्हातारी असे तिघं गेले. बचावपटू जगला, पण पुन्हा कधी नीट बोलला नाही.

*

त्या यंत्राचं दुकानातलं नाव 'शिवारसाथी'. आवाज करत नाही म्हणून लोक त्याला मुकी म्हणत. ते बाजारात येऊन तीन वर्षंही झाली नव्हती, पण आजरा-चंदगडच्या पट्ट्यात घरोघरी ते पोचलं होतं. कारण गवे आणि रानडुकरं उभं पीक आडवं करत होती आणि बंदुकीचा परवाना मिळता मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाच्या दुकानात गेली. अनंताचं बसस्टँडमागे मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटरी तिथे यायच्या आणि नव्या तारेने भरून परत जायच्या. गेली दोन वर्षं मोटरींपेक्षा मुक्याच जास्त येत होत्या. कंपनीची मुकी डुक्कर पळवायची, अनंताने भरलेली मुकी डुक्कर पाडायची.

"ह्यातली किती तू भरलीस?" तिने जप्त केलेल्या यंत्राचा फोटो पुढे केला.

अनंताने फोटो पाहिला आणि हातातली तार खाली ठेवली. "आक्का, तालुक्यात निम्म्या माझ्याच हातच्या असतील. मी काय प्रत्येकाच्या मागं फिरतोय व्हय?"

"मला समजावून सांग. कोर्टात मला विचारतील."

त्याने समजावून सांगितलं. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की वेटोळं चुंबक होतं आणि समोरची पोलादी कांडी आत ओढून घेतं. कांडी मधोमध आली की वीज त्याच क्षणी बंद व्हायला हवी. नाहीतर तेच वेटोळं तिला मागे खेचतं. म्हणून अशी वेटोळी एकापुढे एक रांगेने बसवायची. पहिलं ओढतं आणि सोडतं, दुसरं ओढतं आणि सोडतं, आणि प्रत्येक वेळी कांडीचा वेग वाढत जातो. हे ओढणं-सोडणं डोळ्याची पापणी लवायच्या आत अनेकदा व्हावं लागतं, ते काम एक चिप करते. शास्त्र जुनंच. अडचण होती ती एवढी वीज एका दमात ओतण्याची. त्यासाठी लागणारे कपॅसिटर पूर्वी कपाटाएवढे असत. कार्बनच्या अतिशय पातळ थरांचे नवे कपॅसिटर आले आणि तेवढीच वीज उसाच्या एका कांड्यात मावायला लागली.

"दारू न्हाई, धूर न्हाई, काडतूस न्हाई," अनंता म्हणाला. "कांडीचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवायचा. मग हवा फुटल्याचा कडाकाही होत न्हाई. जनावराला कळायच्या आत जनावर खाली."

"आणि नळी?"

"नळी कशाला? कांडी दोन पट्ट्यांवरनं सरकत जाते. वेटोळ्यांच्या मधनं, पण मोकळीच." त्याने तार पुन्हा उचलली. "नळी न्हाई म्हणून तर ते कायद्यानं बंदुकीत बसत न्हाई. कंपनीचा माणूस हेच सांगत फिरायचा की."

हे मात्र वैजयंताला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी जुना कायदा जाऊन नवी शस्त्र संहिता आली. सामान्य माणसाला कळावी म्हणून ती सोप्या भाषेत लिहिली होती, आणि त्याचं कौतुकही झालं होतं. अग्निशस्त्र म्हणजे स्फोटक द्रव्याने किंवा वायूच्या दाबाने नळीतून गोळी फेकणारं शस्त्र. जुन्या व्याख्येला 'अन्य कोणत्याही ऊर्जेने' असं एक शेपूट होतं, ते वाक्य लांबतंय म्हणून कुणीतरी छाटलं. तेव्हा छाटणाऱ्याला मुकी ठाऊक नव्हती. जगालाच नव्हती.

"अनंता, तीन माणसं मेलीत."

"मला काय आनंद झालाय?" तो एकदम भडकला. "बंद करतो. आजपासनं एक मुकी भरणार न्हाई. पण ते बेकायदा हाय म्हणून नव्हं, ध्यानात ठेव. सरकारनं शेतीचं अवजार म्हणून अनुदान दिलंय त्याला. मी चोरी केली न्हाई."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुझं तोंड म्हणतंय."

*

रणधीरला तिसऱ्या महिन्यात जामीन झाला.

त्याला यंत्र चालवताना कुणी पाहिलं नव्हतं. बंदुकीच्या नळीतून गेलेल्या गोळीवर त्या नळीचे ओरखडे उमटतात. या कांड्यांवर काहीच नव्हतं. त्याच्या हातावर दारूचे कण नव्हते, कारण दारूच नव्हती. बंधाऱ्यापलीकडच्या शेतांतही मुक्या होत्याच. न्यायालयाने मृणालच्या जिवाची काळजी केली आणि जामिनाला कडक अट घातली: आरोपीने कोणतंही अग्निशस्त्र जवळ बाळगू नये. त्याच दिवशी त्याच्या वकिलाने दुसरा अर्ज दिला. हंगाम चालू आहे, डुकरं ऊस फस्त करतायत, आणि ज्या अवजारांचा गुन्ह्याशी संबंध सिद्ध होत नाही ती अडकवून ठेवण्याचं कारण नाही. तोही मंजूर झाला.

यंत्रं परत देण्याचं काम वैजयंताच्या टेबलावर आलं. रणधीरने एकेक मुकी उचलून पाहिली. चौथीची कळ त्याने दाबली. कपॅसिटर भरला, मुठीवरचा हिरवा दिवा लागला, आणि ठाण्यातली सगळी माणसं स्तब्ध झाली. मोकळं टोक वैजयंताच्या पोटाकडे होतं. तिचा हात कमरेला गेला.

"असं करू नका, मॅडम," रणधीर शांतपणे म्हणाला. "तुमच्याच संहितेत आहे. समोरून अग्निशस्त्राचा वापर झाला तरच पोलिसाने अग्निशस्त्र काढायचं. मी वाचलंय." त्याने दिवा विझवला. "आमच्या मृणालला सांगा, दादा आठवण काढतो म्हणून."

तो गेल्यावर हवालदार दौलत होडगे बराच वेळ शिव्या देत राहिला. वैजयंताने यंत्रं परत दिल्याची नोंद पुरी केली.

त्यानंतर रणधीरची जीप रोज कांबळ्यांच्या घरावरून जायला लागली, ताडपत्री काढून. चार मुक्या उघड्या दिसाव्यात अशा. एकदा कांबळ्यांच्या दारातला बैल दुपारच्या वेळी उभ्याउभ्या खाली बसला आणि मेला. प्रज्वलच्या वडिलांच्या हातात वैरणीची पेंढी तशीच राहिली.

वैजयंताने मृणालला जिल्ह्याच्या गावी महिला वसतिगृहात हलवलं. पोर सात महिन्यांची गरोदर होती. निघताना तिने फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, दादाला थांबवणारं कलमच नाही का?"

*

कलम आलं. वर्तमानपत्रांनी मुकीचा विषय लावून धरला, विधानसभेत गोंधळ झाला आणि घाईघाईने वटहुकूम निघाला. विजेच्या साह्याने धातूची वस्तू वेगाने फेकणारं कोणतंही उपकरण, किंवा अशा उपकरणाचा कोणताही भाग, बाळगणं हा अजामीनपात्र गुन्हा. पहिल्यांदा कायदा अपुरा पडला होता, म्हणून या वेळी तो ऐसपैस शिवला.

वैजयंताने तो वाचला आणि तिला पहिली आठवण अनंताची झाली. तिने फोन लावला. तो उचलेना. ती गाडी काढून बसस्टँडकडे धावली, पण जिल्ह्याहून आलेलं विशेष पथक तिच्या आधी पोचलं होतं.

दुकानाची फळी तोडली होती. रस्त्यावर विहिरीच्या मोटरी फेकल्या होत्या, तांब्याची तार आतड्यांसारखी बाहेर पडली होती. अनंता उंबऱ्यात बसला होता. एका जवानाने त्याचा उजवा हात वाइसमध्ये, लोखंडी शिकंज्यात, घालून दांडा फिरवला होता, "बाकीच्या मुक्या कुठं दडवल्यास" एवढं विचारण्यासाठी. तीन बोटं चपटी झाली होती. नखांच्या जागी काही उरलं नव्हतं. अनंता ओरडत नव्हता. तोंड उघडं टाकून श्वास घेत होता.

"हा माझा भाऊ आहे!" वैजयंता पथकाच्या निरीक्षकावर धावून गेली. "त्याच्याकडे एक मुकी नाही. विहिरीच्या मोटरी भरतो तो."

निरीक्षकाने वटहुकूम खिशातून काढला. तिच्याएवढाच थकलेला माणूस होता. "'अशा उपकरणाचा कोणताही भाग'. तांब्याची वेटोळी भाग नाहीत का?"

"मग पिठाच्या गिरणीतही तांब्याची वेटोळी आहेत. तुमच्या गाडीच्या स्टार्टरमध्ये आहेत."

"ते मी ठरवायचं नाही, बाई. मला वरून आकडा दिलाय, तेवढी माणसं उचलून न्यायचीत."

त्या आठवड्यात तालुक्यातले सगळे रिवाइंडिंगवाले आत गेले. पंप बंद पडले. आणि रणधीर सरंजामे जीप घेऊन बाजारातून फिरत राहिला.

त्याच्या मुकीत आता पोलादी कांडी नव्हती. फेराइटची होती. फेराइट म्हणजे लोखंडाच्या गंजाची भुकटी इतर भुकट्यांत मिसळून भट्टीत भाजून केलेली काळी वीट. स्पीकरच्या मागे असते ती. चुंबक तिला पोलादासारखंच ओढतं, पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने ती धातू नव्हे, मातीच्या भांड्यांच्या कुळातली. वकिलाने एका प्राध्यापकाचं मत जोडलं. वटहुकुमात 'धातूची वस्तू' असं स्वच्छ लिहिलं होतं. वेग पोलादापेक्षा जरा कमी पडायचा. पण पोलादी कांडी शरीरातून आरपार जायची, आणि फेराइट आत गेल्यावर फुटायचं. शब्द बदलला आणि जखम आणखी वाईट झाली.

वैजयंता कोठडीत अनंताला भेटायला गेली. हाताला बँडेज होतं, त्यातून पिवळं पाणी झिरपत होतं.

"कशाला आलीस?"

"वकील लावलाय. दोन सुनावण्यांत सुटशील."

"सुटून काय करू?" त्याने हात वर केला. "ह्यानं तार वळू?"

"अनंता..."

"आक्का, मी बेकायदा नव्हतो तवा माझ्याच मुकीनं माणसं मेली. आणि मी सगळं सोडून दिलं तवा बेकायदा झालो." त्याने बँडेजचा हात मांडीवर घेतला. "त्यो मोकळा हाय न्हवं? मग तू तिथं काय करतीस, त्या खुर्चीवर?"

पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं, आणि त्याची लाजही वाटली.

*

मृणालला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब द्यायचा होता. लग्नानंतर भावाने दिलेल्या धमक्या, सामन्याच्या आदल्या दिवशी आलेला त्याचा फोन, सगळं. वैजयंता तिला आणायला स्वतः गेली. इरफान गाडी चालवत होता, मृणाल मागे तिच्याशेजारी. होडगे दुसऱ्या गाडीने मागून येत होता, पण घाटात एक उसाची ट्रॉली आडवी आली आणि त्याची गाडी मागे पडली. ट्रॉली मुद्दाम आणली होती, हे नंतर कळलं.

काजूच्या बागांमधून रस्ता उतरत होता. भर दुपार, ऊन लखलखत होतं. इरफान मृणालला सांगत होता की पोरगा झाला तर त्याला आपण गोलवर उभं करणार, आणि पोरगी झाली तरी करणार. "भाभी, तुम्ही फक्त..." तो म्हणाला आणि पुढचं बोललाच नाही. समोरच्या काचेत एक बारीक भोक पडलं होतं. त्याचं डोकं मागे सीटवर टेकलं. डाव्या डोळ्याच्या जागी काळं-लाल काहीतरी होतं, आणि डोक्यामागची सीट भिजत होती. पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता. गाडी बांधावर आदळून कलंडली.

वैजयंताने मृणालला दारातून बाहेर ओढलं आणि गाडीच्या आडोशाला खाली दाबलं. उठून बघायला गेली तोच कुणीतरी मांडीवर हातोडा घातल्यासारखा फटका बसला. फेराइट हाडापर्यंत जाऊन फुटलं. काचेची बाटली पायाच्या आत फोडावी तसे तुकडे चहूकडे घुसले. तिने दात इतके आवळले की एक दाढ तुटली.

काजूच्या झाडांतून रणधीर उतरत आला, घाई न करता. मुकी खांद्याला. कपॅसिटर भरत होता, दिवा अजून तांबडा होता.

"मृणाल, चल घरी."

मृणाल पोटावर हात धरून बसली होती. तिच्या अंगावर इरफानचं रक्त होतं. "दादा, तू माझ्या नवऱ्याला मारलंस," ती म्हणाली. "आता त्याच्या लेकराला मारायला आलास?"

"मी घाण धुवायला आलोय."

"थांब तिथंच," वैजयंताने कोपरावर भार देत पिस्तूल रोखलं. "यंत्र खाली ठेव. नाहीतर झाडते."

"नाही झाडणार तुम्ही." त्याचा आवाज अजूनही समजावणीचा होता. "माझ्याकडं अग्निशस्त्र नाही. मी धातूसुद्धा वापरत नाही. तुम्ही गोळी घातली तर तो निव्वळ खून होईल, मॅडम. माझे वकील तुम्हाला जन्मभर आत ठेवतील."

त्याने मुकी खांद्यावरून उतरवली आणि बहिणीच्या पोटाकडे वळवली. दिवा हिरवा झाला.

वैजयंताने गोळी झाडली. एक, मग दुसरी, आणि तो गुडघ्यांवर आल्यावर तिसरी. दरी तीन वेळा दणाणली, बागेतले सगळे पक्षी उडाले. रणधीरच्या गळ्यातून फसफसल्यासारखा आवाज येत राहिला आणि काही वेळाने थांबला. मृणालने डोळे मिटले नाहीत. ती शेवटपर्यंत बघत होती, आणि मग तिने भावासाठी मोठ्याने हंबरडा फोडला.

होडगे धावत आला तेव्हा वैजयंता मृणालच्या ओढणीने आपली मांडी आवळत होती. त्याने इरफानला पाहिलं, प्रेताला पाहिलं, मग आपल्या गाडीकडे गेला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. गावठी कट्टा होता. कुठल्यातरी जुन्या धाडीतला, नोंद न झालेला.

"ह्याच्या हातात देतो, मॅडम. एक बार काढतो. त्याने अग्निशस्त्र वापरलं, तुम्ही स्वसंरक्षणार्थ झाडलीत. कुणी प्रश्न विचारणार नाही."

"आणि मुकी?"

"मुकी राहू दे की. शेतीचं अवजार. जाईल त्याच्या चुलतभावाकडं."

इरफान गाडीत, तिच्यापासून दोन हातांवर, बसल्यासारखा कलंडला होता, तोंड अजून बोलायच्या बेतात. त्याच्या मरणाच्या कागदावर कट्टा लिहिला जाईल, असं तिच्या मनात आलं. प्रज्वल कशाने मेला ते कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं, आणि इरफान ज्याने मेला ते खोटं लिहिलं जाणार होतं. त्याच मुकीने उद्या आणखी कुणीतरी मरेल.

"कट्टा नदीत टाक," ती म्हणाली. "पंचनाम्यात मुकी लिही. ती जशी पडलीय तशी. त्याच्या हातात काय होतं ते खरं लिही."

"मॅडम, मग तुमच्यावर खुनाचा गुन्हा लागतोय."

"लागू दे. लिही."

*

तसंच झालं. अधीक्षकांनी दवाखान्यात येऊन निलंबनाचा आदेश उशाशी ठेवला. जाताना म्हणाले, "देवार्डे, तुम्हाला समोर बंदूक आहे असा भास झाला, एवढं म्हणा. मी सांभाळून घेतो." तिने तसं म्हणायला नकार दिला.

डॉक्टरांनी निघाले तेवढे तुकडे काढले. हाडाजवळचे तसेच राहिले. ती काठी घेऊन चालायला लागली.

अनंता जामिनावर सुटून आला तेव्हा तिच्या खाटेपाशी उभा राहिला. मग बसला. डाव्या हाताने त्याने मोसंबं सोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. वैजयंताने ते घेतलं आणि सोलून अर्धं त्याला दिलं.

"त्या मुकीची वेटोळी मी वळलेली हाईत," तो म्हणाला. "बघितल्या बघितल्या वळखली मी. कोर्टात तसं सांगणार हाय. आणि त्यानं माणूस मरतो, हे बी सांगणार हाय."

"परत आत टाकतील तुला."

"टाकू देत." त्याने फोड तोंडात घातली. "तू काय घरला जाणार हाईस?"

ती हसली. खूप दिवसांनी.

आरोप निश्चितीच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. मृणाल महिन्याच्या मुलीला घेऊन मागच्या बाकावर बसली होती, शेजारी इरफानची बायको. सरकारी वकिलांनी मुद्देसूद मांडणी केली. मृताजवळ अग्निशस्त्र नव्हतं. वटहुकुमाने मना केलेलं उपकरणही नव्हतं. होतं ते केवळ शेतीचं अवजार, आणि अशा माणसावर तीन गोळ्या झाडणं हा खूनच.

"आरोप मान्य आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं.

वैजयंता काठीवर भार देत उभी राहिली. "गोळ्या मी झाडल्या, ते मान्य आहे, साहेब. त्याच्या हातात काय होतं, ते मी सांगून उपयोग नाही. माझ्याकडे त्याला नाव नाही. तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं. मग म्हणाले, "मुद्देमाल आणा."

शिपायाने खोका आणला, लाखेचं सील फोडलं आणि मुकी टेबलावर आडवी ठेवली. कपॅसिटर कधीचाच रिकामा केलेला होता, दिवा विझलेला होता. तिचं मोकळं टोक वकिलांच्या बाकांकडे आलं. कुणी काही सांगितलं नाही. पण त्या बाजूची माणसं एकेक करून उठली आणि भिंतीकडे सरकली. आणि सगळ्यांत आधी, हातातले कागद छातीशी धरून, सरकले ते सरकारी वकील.